हर्मोनचं दव सियोनवर
बायबलमधलं स्तोत्र 133 भावांनी एकोप्याने राहण्याबद्दल आहे, आणि त्या एकोप्याला ते तेलाची आणि दवाची उपमा देतं. हे तेल आणि दव म्हणजे नुसती गोड सजावट, असं कुणी कुणी म्हणतं. मला ते अजिबात पटत नाही. मूळ हिब्रूत ‘उतरणं’ हे एकच क्रियापद तीनदा येतं. तेल महायाजक अहरोनाच्या दाढीवर उतरतं, मग वस्त्राच्या गळ्यापर्यंत, आणि शेवटी हर्मोन पर्वताचं दव सियोनच्या डोंगरावर. म्हणजे बंधूंचं ऐक्य वरून मिळतं, आपण ते घडवत नाही.

आणि हर्मोन कुठे? पार उत्तरेला, 2,814 मीटर उंच. सियोन दक्षिणेत, यरुशलेमेत. तिथलं दव इथे पडणं भूगोलात बसतच नाही! पण राजा शलमोनानंतर इस्राएलचं राज्य उत्तर-दक्षिण असंच दुभंगलं होतं, आणि या ओळीत उत्तरेचं दव दक्षिणेवर उतरतं. हे आठवलं की ती ओळ वाचताना माझा आवाज दाटून येतो.