मदत हवी आहे: इंदूरचे वकील कोर्टातून उचललेल्या भाड्याचा हिशेब देत नाहीत

रामबागकर:
मावशीचा भाडेकरूवरचा दावा निकाली निघाला. त्याने कोर्टात भरलेलं भाडं वकीलसाहेबांनी उचललं. आता म्हणतात, सगळं फीत गेलं. फी लेखी ठरलेली नव्हती. फाइलही अडवून ठेवलीय. तक्रार कशी करावी?

नकलशाखा:
आधी कोर्टातून प्रमाणित नकला काढा: वकीलपत्र, पैसे उचलण्याचा अर्ज, त्यावरचा आदेश. रक्कम कुणी, कोणत्या तारखेला उचलली, हे कागदावर दिसलं पाहिजे. वकीलपत्रात रक्कम उचलण्याचा अधिकार होता का, तेही बघा.

मग मावशींच्या सहीने रजिस्टर्ड एडीने हिशेब मागा. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या (वकिलांची देशपातळीवरची नियामक संस्था) नियम 25 प्रमाणे अशिलाच्या पैशांचा हिशेब ठेवणं वकिलावर बंधनकारक आहे. नियम 30 प्रमाणे मागितल्यावर त्याची प्रत द्यावी लागते, मात्र नकलेचा खर्च अशिलाने द्यायचा. तो देण्याची तयारी पत्रातच लिहा, म्हणजे ती सबब उरणार नाही. फी ठरलेली नसेल तर नियम 29 लागू होतो: काम संपल्यावर कोर्टाच्या नियमांनुसार होणारी किंवा तोवर ठरलेली फी कापून उरलेलं परत. ‘सगळं फीत गेलं’ एवढ्याने भागत नाही. फाइल तर फीसाठी अडवताच येत नाही. सुप्रीम कोर्टाने 2000 साली आर. डी. सक्सेना प्रकरणात ते स्पष्ट केलंय.

तक्रार अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टच्या कलम 35 खाली, जबलपूरच्या मध्य प्रदेश स्टेट बार कौन्सिलकडे. हिंदीत चालते. सही आणि सत्यापन (मजकूर खरा असल्याची सहीनिशी ग्वाही) हवं, तक्रारीची ठरलेली फी भरावी लागते. बऱ्याच तक्रारी इथेच लटकतात, कारण चार पानं संतापाची आणि तारीख एकही नाही. मग तो नुसता फीचा वाद वाटतो. वर्षात निकाल लागला नाही तर प्रकरण कलम 36बी नुसार बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जातं.

दिवाणीवाला:
एक लक्षात घ्या, बार कौन्सिलची शिस्तपालन समिती ताकीद देईल, वकिलीची सनद निलंबित करेल, वकिलांच्या यादीतून नाव काढून टाकेल. पैशांची वसुली तिथे होत नाही. त्यासाठी दिवाणी दावा. पैसे उचलल्याच्या तारखेपासून 3 वर्षं धरून चला, जबलपूरच्या निकालाची वाट बघत मुदत घालवू नका. अपहार कागदावर दिसत असेल तर पोलिसांत फौजदारी विश्वासघाताची तक्रारही देता येते. ग्राहक आयोगाचा रस्ता मात्र मे 2024 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने बंद झालाय.

रामबागकर:
खूप आभार. ते आता ‘तडजोड झाली’ अशा स्टॅम्पपेपरवर मावशीची सही मागताहेत, पैसे नंतर देतो म्हणतात.

नकलशाखा:
अजिबात करू देऊ नका! हरीश चंद्र तिवारी प्रकरणात वकिलाने अशिलाचे 8,118 रुपये ठेवून घेतले आणि तडजोडीचं खोटं शपथपत्र पुढे केलं. 2002 मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याचं नाव यादीतून काढलं. तडजोड झाली म्हणून तक्रार आपोआप बंद होत नाही, पण सही केलेला कागद तुमच्याच विरुद्ध वापरला जाईल. रक्कम आधी मावशींच्या खात्यात जमा होऊ द्या, पावती त्यानंतर. आणि तीत ‘अमुक रक्कम, अमुक तारखेला मिळाली’ इतकंच लिहा.