मदत हवी आहे: दातांवरच्या फ्लोरोसिसच्या डागांसाठी व्हिनियर की बाँडिंग?

नमस्कार मंडळी. माझ्या धाकट्या बहिणीसाठी विचारतेय. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, लहानपणी बोअरचंच पाणी प्यायलो. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर नको, आमच्या भागात बऱ्याच बोअरना ते जास्त असतं. त्या जास्तीच्या फ्लोराइडमुळे (यालाच फ्लोरोसिस म्हणतात) तिच्या पुढच्या वरच्या दातांवर तपकिरी पट्टे आणि पांढरे ठिपके आहेत. दात मजबूत आहेत, कीड नाही, पण ती हसताना तोंडावर हात धरते. आता शाळेत शिकवायला लागली आहे, तिला मोकळं हसायचंय.

एका डेंटिस्टने थेट सहा पोर्सेलिन व्हिनियर (दातांवर पुढून चिकटवायची पातळ कवचं) सांगितले. पण त्यासाठी साधारण अर्धा मिलिमीटर इनॅमल (दाताचं वरचं कठीण आवरण) घासावं लागतं आणि ते परत येत नाही. चोविसाव्या वर्षी चांगले दात घासायचे, मग दर दहा-पंधरा वर्षांनी व्हिनियर बदलायचे, हे मला पटत नाही. दुसऱ्या डॉक्टर म्हणाल्या, आधी मायक्रोॲब्रेजन (दाताचा अगदी वरचा डागाळलेला थर हलकेच घासून काढणं) आणि ब्लीचिंग करून बघू, उरलेल्या डागांवर कंपोझिट बाँडिंग (दाताच्या रंगाचं रेझिन लावणं). खर्च कमी, पण कंपोझिट चहाने पिवळं पडतं आणि काही वर्षांत पुन्हा करावं लागतं. (चहा ती सोडणार नाही!)

फ्लोरोसिसचे डाग असलेल्या कुणी मायक्रोॲब्रेजन केलंय का? तपकिरी रंग कितपत गेला? ब्लीचिंगनंतर पांढरे ठिपके जास्त उठून दिसले का? रेझिन इन्फिल्ट्रेशन (पांढऱ्या ठिपक्यांत पातळ रेझिन मुरवून ते झाकणं) करणारं कुणी नागपूर किंवा यवतमाळकडे माहीत असेल तर जरूर सांगा.