मदत हवी आहे: ताऱ्याचं तोंड एकीकडे आणि चाल दुसरीकडे, असं कसं?

खाडीकाठचा:
नमस्कार मंडळी. आमच्या हौशी आकाशनिरीक्षकांच्या गटात येत्या रविवारी मला वीस मिनिटं बोलायचंय. आकाशगंगेच्या केंद्रातल्या महाकाय कृष्णविवराजवळचे धुळकट तारे आणि त्यांचे 'बो शॉक' हा विषय मीच हौसेने मागून घेतला, आणि आता अडकलोय.

कळलंय तेवढं आधी सांगतो, चुकलो तर कान धरा. धनु राशीच्या दिशेने साधारण २७ हजार प्रकाशवर्षांवर सॅजिटेरियस ए* हे कृष्णविवर आहे, वस्तुमान सुमारे ४३ लाख सूर्यांइतकं. वाटेत इतकी धूळ आहे की तिथून निघालेल्या दृश्य प्रकाशाच्या एक लाख कोटी कणांतला जेमतेम एखादा आपल्याकडे पोचतो. म्हणून निरीक्षणं अवरक्त किरणांत करतात. २.२ मायक्रॉन तरंगलांबीला तारे ठिपक्यांसारखे दिसतात, ३.८ मायक्रॉनला काहींभोवतीची कोमट धूळ उजळते (कोमट म्हणजे काहीशे केल्विन, आंघोळीच्या पाण्याइतकी नव्हे). त्यातल्या काहींना एका बाजूला गोल टोक आणि दुसऱ्या बाजूला शेपूट असते. भरधाव तारा वायूत घुसतो, पुढचा वायू दाबला जाऊन कमान होते (हाच बो शॉक), मागे शेपूट राहते. इथवर ठीक.

घोळ पुढे आहे. एक्स३ आणि एक्स७ अशा दोन धूमकेतूसारख्या वस्तूंचं चित्र छापून घेतलं, त्यावर गतीचे बाण काढले आणि मुलीचा कोनमापक लावला. दोघांचीही टोकं कृष्णविवराकडे रोखलेली, पण दोघंही त्या रेषेपासून ४५ अंशांहून जास्त तिरकी चाललीयत! टोक म्हणजे पुढची बाजू ना? मग हे आडवे कसे चालतात? मी बाण उलटे काढले की काय?

दुसरी शंका भाषेची. बो शॉकला मराठीत 'धनुष्याघात' चालेल का? धनु राशीतच आहे, म्हणून मोह होतोय.

रातकिडा:
सोपं आहे. कृष्णविवर खेचतंय, म्हणून तिकडे तोंड.

खाडीकाठचा:
पण धूळ ओढली जात असेल तर शेपूट विवराकडे लांबेल ना? इथे शेपूट उलट्या बाजूला आहे. शिवाय एक्स३ नुसतं आकाशात दिसणाऱ्या अंतराने मोजलं तरी विवरापासून ०.४ प्रकाशवर्षाहून लांब आहे.

शेंडेनक्षत्र:
बाण बरोबर आहेत, कोनमापक मुलीला परत करा. चूक 'टोक म्हणजे चालीची दिशा' या गृहीतकात आहे.

तुम्ही शेपूट बघून धूमकेतू म्हणालात, तर धूमकेतूच घ्या. सूर्याला वळसा घालून तो परत निघतो तेव्हा त्याची वायूची शेपूट पुढे असते आणि डोकं मागे. कारण शेपूट कुठे वळणार ते मुख्यतः सौरवारा ठरवतो. इथेही तसंच. ताऱ्याचा स्वतःचा वारा बाहेर ढकलतो, समोरून येणारा वायू आत ढकलतो, आणि दोघांचा दाब जिथे सारखा होतो तिथे ती कमान उभी राहते. समोरून येणारा म्हणजे ताऱ्याच्या दृष्टीने समोरून. ताऱ्याच्या वेगातून वायूचा वेग वजा करा, जो बाण उरेल तिकडे टोक. वायू स्थिर असेल तरच ते चालीच्या दिशेला येणार.

आणि केंद्राजवळ स्थिर असं काही नाहीच. जर्मनीतल्या कोलोनच्या संशोधकांच्या गटाने २०१० मध्ये नेमका तुमचाच घोळ मांडला होता. या दोन वस्तू सेकंदाला काहीशे किलोमीटरने पळतात, तरी टोकं सॅजिटेरियस ए*कडेच. म्हणजे केंद्रातूनच बाहेर जोरदार वारा सुटलेला असणार. तो कृष्णविवराच्या भोवतालातून येतो की तिथल्या वुल्फ-राये जातीच्या तापट ताऱ्यांचा आहे, हे त्यांनी उघडं ठेवलं. त्या ताऱ्यांचे वारे सेकंदाला हजार किलोमीटरच्या घरात असतात, तेव्हा त्यांना कमी लेखू नका.

उलट उदाहरण हवं असेल तर आयआरएस २१ आणि आयआरएस १डब्ल्यू हे तारे घ्या. ते वायूच्या 'उत्तर भुजा' नावाच्या प्रवाहात सापडलेत. तिथे वाऱ्याची गरज पडत नाही, तारा आणि प्रवाह यांच्या वेगांतला फरक पुरतो.

एक सावधगिरी. एक्स७ ठामपणे बो शॉक म्हणून दाखवू नका. लॉस एंजेलिसच्या गटाने केक दुर्बिणीची वीसेक वर्षांची चित्रं ओळीने लावली आणि २०२३ मध्ये सांगितलं की ते वर्षागणिक ताणलं जातंय. वस्तुमान पृथ्वीच्या ५० पट धरलंय. एक फेरी १७० वर्षांची, पण २०३६ च्या सुमारास ते विवराच्या सर्वांत जवळ येईल आणि पुढे टिकणं कठीण. त्यांच्या मते ते दोन ताऱ्यांच्या टकरीतून उडालेला धूळ-वायूचा लोळ असावा. प्रेक्षकांना हे सांगाच, पण बो शॉकसाठी एक्स३ वापरा.

'धनुष्याघात' मात्र नको, कृपया. हा 'बो' तिरंदाजाचा नाहीच, जहाजाचा आहे.

खाडीकाठचा:
अरे देवा! म्हणजे नाळ, होडीचं पुढचं टोक! आयडी खाडीकाठचा आणि नाळ ओळखता आली नाही.

शेंडेनक्षत्र:
:)) 'नाळेची लाट' म्हणा. पण शहरातले लोक नाळ म्हटलं की बाळंतपणात शिरतील, तेव्हा चित्र दाखवूनच म्हणा.

खाडीकाठचा:
मनापासून आभार. वजाबाकीचा बाण काढून नवीन स्लाइड केली, एक्स७ शेवटी नेलं. आणि आज ओहोटीला काकांच्या होडीचा फोटो काढून आणला. नांगर टाकलेला, दोर ताठ, पाणी समुद्राकडे धावतंय, आणि नाळेपाशी दोन्ही बाजूंना पांढरी मिशी फुटलीय. होडी जागची हललेली नाही. एक्स३ च्या आधी हाच फोटो लावणार.