डीएफ म्हणतं डिस्क फुल, डीयूला काही सापडेना

रात्रपाळीवाला:
मंडळी जरा मदत करा, डोकं चालेनासं झालंय. उबुंटूचा (लिनक्स) सर्व्हर, व्हारचं (लॉग, डेटाबेस ठेवतात त्या फोल्डरचं) पार्टिशन वेगळं, ५० जीबीचं. डीएफ (डिस्क किती भरली ते सांगणारी कमांड) १०० टक्के दाखवतंय आणि डीयू (फाइलींचा आकार मोजणारी कमांड) मारलं तर जेमतेम १२ जीबी. मघाशी इंजिनएक्स या वेब सर्व्हरचा ३८ जीबीचा अ‍ॅक्सेस लॉग आरएम कमांडने उडवला तरी जागा काही सुटेना, आता मायएसक्यूएल डेटाबेस पण रुसून बसलंय. आयनोड (फाइलींच्या नोंदींच्या जागा, त्या संपल्या तरी डिस्क फुल म्हणते) बघितले, ९ टक्केच आहेत.

जुनं खोड:
लॉग उडवलास तिथंच घोळ झाला बघ. आरएम फक्त नाव काढतं, प्रोसेसने (चालू प्रोग्रॅमने) फाइल उघडी धरलीय तोवर ब्लॉक मोकळे होत नाहीत. आणि डीयू नावावरून मोजतं म्हणून त्याला दिसत नाही. रूटने (अ‍ॅडमिन खात्याने) एलएसओएफ +एल१ (उडवलेल्या पण अजून उघड्या फाइली दाखवणारी कमांड) मार, ओळीच्या शेवटी डिलीटेड दिसेल. मग इंजिनएक्सच्या मास्टर (मुख्य) प्रोसेसला यूएसआर१ सिग्नल दे, तो लॉग नव्याने उघडतो, रीस्टार्ट नको.

रात्रपाळीवाला:
सुटलं राव!! २४ टक्क्यांवर आलं. मी उगाच तासभर फाइंड (फाइल शोधायची कमांड) चालवत बसलो होतो 😅

टर्मिनलकर:
पुढच्या वेळी चालू लॉग उडवू नको, ट्रंकेट -एस ० कर, फाइल राहते पण आतून रिकामी होते, जागा तिथल्या तिथे सुटते. आणि लॉगरोटेटची (जुने लॉग बाजूला काढून नवे सुरू करणाऱ्या टूलची) कॉन्फिग उघड आधी, ३८ जीबी झाला म्हणजे रोटेशन कधीचं बंद असणार. आमच्याकडे कोणीतरी पोस्टरोटेटची (रोटेशननंतर चालणाऱ्या कमांडची) ओळ कॉमेंट करून, म्हणजे बंद करून ठेवली होती, कोणी ते अजून कबूल करत नाही.