जेन्टू: सगळं स्वतः कंपाईल करण्यात आता काय राम उरलाय?

जुनाट_रूट
गेल्या महिन्यात मी लॅपटॉपवरून जेन्टू, म्हणजे जवळपास सगळे प्रोग्रॅम सोर्स कोडपासून आपल्याच मशीनवर बांधायला (कंपाईल करायला) लावणारं लिनक्स, काढलं आणि तयार बांधलेली (बायनरी) पॅकेजं देणारं डेबियन टाकलं. २००६ पासूनचा संसार मोडला म्हणा ना. तेव्हा साताऱ्याजवळ गावी राहायचो, पेन्टियम ४, ५१२ एमबी रॅम. स्टेज-३ चा टारबॉल (पायापुरती तयार सिस्टम असलेली गाठोडं-फाईल) सीडीवरून घेतला आणि ओपनऑफिस कंपाईलला लावलं. दिवसातून दोनदा भारनियमन. पहिल्या दोन प्रयत्नांत अर्ध्यावर लाईट गेली, तिसऱ्यांदा इन्व्हर्टर मागून आणला. पण मजा यायची, खोटं कशाला बोलू.

आता मजा संपली. २०२४ च्या मार्चमध्ये प्रोफाईल २३.० (सिस्टमच्या मूळ सेटिंगांचा नवा संच) आलं. सूचनेत स्वच्छ लिहिलेलं: आधी बिनयूटिल्स, जीसीसी हा कंपायलर, ग्लिबसी ही पायाची लायब्ररी ठरलेल्या क्रमानं, आणि शेवटी अख्खी सिस्टम नव्यानं बांधा. आठ जीबीच्या लॅपटॉपवर! हँडबुक म्हणतं एकाच वेळी चालणाऱ्या दर कंपाईल-जॉबमागे साधारण दोन जीबी रॅम धरा, म्हणजे चार जॉब, आणि तेवढा वेळ ब्राउझर बंद करून भिंतीकडे बघत बसा. त्याआधी, २०२३ च्या डिसेंबरअखेरीस, जेन्टूवाल्यांनीच तयार बायनरी पॅकेजं सर्वांना खुली केलेली, लिब्रेऑफिसपासून केडीईपर्यंत. ज्यांच्या नादानं आपण घरी जातं फिरवत बसलो, त्यांनीच पिठाची गिरणी काढली.

माझं म्हणणं एवढंच: जेन्टू आता हौस आहे. हौसेला मोल नसतं, कबूल. पण वेग, सुरक्षितता, स्वातंत्र्य असली मोठी नावं देऊ नका.

कात्रीवाली
साफ असहमत. वेगाचा मुद्दा तुम्हीच उभा केलात आणि तुम्हीच पाडलात. मार्च-नेटिव्ह (आपल्याच प्रोसेसरसाठी खास कंपाईल करायचा पर्याय) लावून टर्मिनल पळायला लागतं असं शहाणा माणूस आता म्हणत नाही. आणि नव्या प्रोसेसरचा फायदाच हवा असेल तर त्यांच्या बायनरींमध्ये एक्स८६-६४-व्ही३ चा वेगळा संचही आहे.

खरी गोष्ट यूझ फ्लॅगची, म्हणजे पॅकेजात कुठली सोय बांधायची आणि कुठली वगळायची ते ठरवणाऱ्या खुणांची. माझ्या सर्व्हरवर छपाई नाही, ब्लूटूथ नाही, आवाज नाही, खिडक्यांचा डेस्कटॉप नाही. बाकी डिस्ट्रोंत (लिनक्सच्या इतर प्रकारांत) तुम्ही सर्व्हिस बंद करता, लायब्ररी पोटात राहतेच. वाढलेल्या ताटातली नावडती वाटी बाजूला सरकवणं आणि ती वाटी मुळात वाढूच न देणं, यात फरक आहे की नाही?

२०१४ चं हार्टब्लीड आठवा. इंटरनेटवरचं बोलणं गुप्त ठेवणाऱ्या ओपनएसएसएल लायब्ररीतल्या ज्या हार्टबीट सोयीत भोक होतं, तिचा जेन्टूत वेगळा फ्लॅग होता. तो काढून पॅकेज पुन्हा बांधलं की दार बंद. ती सोय मला कधी लागलीच नव्हती.

जुनाट_रूट
पण ताई, तो फ्लॅग मुळात चालूच यायचा ना? बंद करायची आठवण भोक कळल्यावरच आली. तोपर्यंत डेबियनचा दुरुस्त बायनरीही आला होता.

कात्रीवाली
हा टोला मान्य. पण कात्री माझ्या हातात होती, हेही मान्य करा.

बाभळीचा_काटा
सुरक्षिततेवर बोलताय तर एक्सझेड या फाईली दाबून लहान करणाऱ्या साधनात घुसवलेल्या चोरदाराचं बोला. मार्च २०२४, आवृत्त्या ५.६.० आणि ५.६.१. घुसवलेली करामत चालू करणारा तुकडा गिटमधल्या (सगळ्यांना दिसणाऱ्या कोडसाठ्यातल्या) सोर्समध्ये नव्हताच, प्रकाशित टारबॉलमध्ये होता. आणि जेन्टू काय उतरवून कंपाईल करतं? तोच टारबॉल. "मी सोर्समधून बांधतो" म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी ती बिल्ड स्क्रिप्ट उघडून पाहिली? हात वर करा. मी नाही केली.

जेन्टूवाले वाचले कारण ती स्क्रिप्ट डेब किंवा आरपीएम (इतर डिस्ट्रोंच्या पद्धतीचं पॅकेज) बांधलं जातंय का ते बघून मगच जागी व्हायची. चोराला तुमचं घर लुटण्यात रस नव्हता, म्हणून कुलूप मजबूत ठरत नाही. पकडलं कोणी? आन्द्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरनी, डेबियनच्या अस्थिर शाखेवर, एसएसएचनं (दूरच्या मशीनमध्ये शिरायच्या सोयीनं) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय म्हणून चिकाटीनं मागे लागून.

युनिक्स घडवणाऱ्या केन थॉम्प्सननी १९८४ मध्येच सांगून ठेवलंय की कंपायलरच फितूर असेल तर स्वच्छ सोर्स वाचून काही उपयोग नाही. आणि तुमच्या स्टेज-३ मधला पहिला जीसीसी बायनरीच असतो की हो.

कात्रीवाली
अर्धंच सांगितलंत. एक्सझेडची लायब्ररी एसएसएचपर्यंत पोचायची ती सिस्टमडीसाठी (सर्व्हिसा सुरू करणाऱ्या यंत्रणेसाठी) लावलेल्या पॅचमुळे. तो पॅच ओपनएसएसएचच्या मूळ सोर्समध्ये नाही, काही डिस्ट्रोंनी तो स्वतः जोडला होता. जेन्टूनं जोडला नव्हता. हे नशीब नव्हे, कमी ठिगळं लावायची सवय आहे.

बाभळीचा_काटा
सवय चांगली, एकदम मान्य. पण ती पॅकेज सांभाळणाऱ्यांची सवय. तुमच्या घरच्या पंख्यानं आठ तास भोंगा वाजवला त्याचं श्रेय नाही!

हॉस्टेल_रूम_१४
मोठ्यांच्या मध्ये बोलतो, सॉरी. दिवाळीच्या सुट्टीत पहिल्यांदा जेन्टू टाकलं. दोन दिवस गेले. पहिल्या बूटला कर्नल पॅनिक (लिनक्सचा गाभाच ठप्प), रूट फाईलसिस्टम माऊंट होईना. मी कर्नल हातानं कॉन्फिगर करताना एनव्हीएमई डिस्कचा ड्रायव्हर कर्नलबाहेरचं मॉड्यूल म्हणून ठेवला होता आणि इनिट-रॅम-एफएस (बूटच्या सुरुवातीला ड्रायव्हर पुरवणारी तात्पुरती पेटी) केलंच नव्हतं. म्हणजे डिस्क वाचायची किल्ली डिस्कमध्येच कोंडली. हे समजलं त्या रात्री जेवढं शिकलो तेवढं अख्ख्या सेमिस्टरला नाही शिकलो.

बाभळीचा_काटा
शिकायचंच असेल तर लिनक्स फ्रॉम स्क्रॅच (पुस्तक समोर ठेवून शून्यापासून लिनक्स बांधणं) कर. एकदा बांध, समजून घे, पुसून टाक. जेन्टूचं लग्न आहे, रोज नांदावं लागतं.

वहीत_नोंद
नांदण्यावरच बोलू या. इन्स्टॉलचा बाऊ सगळे करतात, पण ते हँडबुक समोर ठेवून कोणीही करतो. खरी परीक्षा चौथ्या-पाचव्या महिन्यात. अपडेट दोन-तीन महिने टाळलं की पायथॉनची आवृत्ती पुढे सरकलेली असते आणि इमर्ज (जेन्टूची पॅकेजं टाकायची आज्ञा) लाल अक्षरांत पानभर ब्लॉकर, म्हणजे एकमेकांना अडवणारी पॅकेजं, ओकतं. मी दर रविवारी सकाळी सिंक करून पॅकेजांची ताजी यादी घेतो, आधी ई-सिलेक्टमधल्या जेन्टूच्या बातम्या वाचतो, मग वर्ल्ड अपडेट, म्हणजे अख्ख्या सिस्टमचं. डेपक्लीननं नको झालेली पॅकेजं काढताना यादी वाचल्याशिवाय होय म्हणत नाही.

हे शहाणपण फुकट नाही आलं. एकदा घाईत होतो, जेवायला पाहुणे आलेले. सेटिंगच्या फाईलींतले बदल जुळवणाऱ्या डिस्पॅच-कॉन्फनं विचारलेल्या प्रत्येक बदलाला डोळे झाकून होय म्हटलं. त्यात एफएसटॅबही होती, कुठली डिस्क कुठे जोडायची ते सांगणारी फाईल. माझी ओळ जाऊन कोरा नमुना बसला. पुढचा बूट कसा झाला असेल ते सांगत नाही.

बाकी वीजबिलाचं रडगाणं कोणी गाऊ नये. डेस्कटॉप दीडशे वॅटवर दहा तास चालला तरी दीड युनिट. गीझर त्याहून जास्त खातो.

जुनाट_रूट
वीज सोडा. माझा रविवार जातो त्याचं युनिट कसं मोजायचं? जाता जाता: क्रोमबुकचं क्रोमओएसही पोर्टेजनंच, म्हणजे जेन्टूच्याच पॅकेज यंत्रणेनं, बांधलं जातं. म्हणजे यंत्रणा उत्तम, वाद नाही. पण गूगल एकदा बांधतं आणि तयार माल सगळ्यांना देतं. शाळेतल्या पोराला क्रोमबुकवर जीसीसी चालवायला लावत नाही.

कात्रीवाली
मग तुम्हीही तेच करा की! बायनरी आल्यामुळे जेन्टू संपलं असं तुम्ही म्हणताय, मला उलट वाटतं. पोर्टेजला बायनरी घ्यायला सांगा, सोबत फ्लॅग पाळायलाही सांगा. जुळले तर तयार डबा, नाही जुळले तर तेवढ्यापुरती चूल पेटते. माझ्या सर्व्हरवर क्लँग, रस्ट असली अवजड कंपायलर मंडळी आयतीच येतात. कंपाईल होतं ते फक्त जिथं मी काहीतरी कापलेलं आहे. तुम्ही सोडलंत ते बहुतेक २००६ चं जेन्टू.

जुनाट_रूट
लॅपटॉपवर परत टाकणार नाही, ते ठरलं. माळ्यावर जुना डेस्कटॉप आहे, त्यावर बघतो. पण हे 'बायनरी जेन्टू' म्हणजे उपवासाची मिसळ वाटते मला.

हॉस्टेल_रूम_१४
काका, एक अर्जंट. वर्ल्ड अपडेट लावलंय, १४३ पैकी ८७ वं चालू आहे, जीसीसी. इथे वारा-पाऊस सुरू झालाय. लाईट गेली तर सगळं पहिल्यापासून?

जुनाट_रूट
नाही रे. झालेली ८६ जागेवर राहतात. लाईट आली की इमर्ज रिझ्यूम. जीसीसी मात्र पहिल्यापासून.

हॉस्टेल_रूम_१४
गेली. मोबाईलवरून लिहितोय.

जुनाट_रूट
चहा पिऊन ये.