मदत हवी आहे: मालवणच्या पाण्यात फोटोभर पांढरे ठिपके

मालवणला ८-१० मीटर खोलीवर प्रवाळ आणि माशांचे थवे टिपतो. कॅमेरा ऑलिंपस टीजी-६, त्यावर हाउसिंग (पाणी आत न जाऊ देणारं कवच), एक स्ट्रोब (पाण्याखालचा फ्लॅश). पाण्यातल्या कणांवर प्रकाश पडून फोटोभर पांढरे ठिपके येतात. स्ट्रोब लांब बाजूला नेऊन किंचित बाहेर वळवला, पॉवर कमी केली. मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून काढलेले फोटो सुधारले, पण अख्खा थवा घ्यायला मागे सरकलं की पुन्हा तेच. स्ट्रोबशिवाय तांबडा रंग जातो, सगळं हिरवं. फोटो रॉमध्येच (प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) काढतो, पण सॉफ्टवेअरने ठिपके पुसताना माशांचे खवलेही पुसट होतात, ते नको. जवळ जाण्यासाठी प्रवाळावर टेकणार नाही, हे नक्की. बजेट चाळीस हजार, एकच वस्तू येईल. आधी दुसरा स्ट्रोब घेऊ की हाउसिंगवर बसणारी वाइड लेन्स, म्हणजे जवळूनही अख्खा थवा मावेल अशी? कोकणच्या गढूळ पाण्यात कुणी दोन्ही वापरून पाहिलंय का?