सिझरनंतर टाके दुखतायत, पण बाळ अंगावर पितंय. गोळ्या घेऊ का?

नमस्कार मंडळी. नुकतंच माझं दुसरं सिझर झालं, सध्या माहेरी मिरजेला आहे. बाळ छान आहे, अंगावर पितंय. पडून असते तोवर बरं असतं, पण कुशीवर वळायचं, खोकायचं, पलंगावरून उठायचं म्हटलं की टाके ओढतात. त्यात बाळाला पाजायला घेतलं की ओटीपोटात कळा येतात. पहिल्या वेळी या एवढ्या नव्हत्या.

डॉक्टरांनी पॅरासिटामॉल दर सहा तासांनी आणि आयबुप्रोफेन जेवणानंतर लिहून दिलंय. आई म्हणते गोळी दुधात उतरते, बाळाला बाधेल, थोडं सोस. म्हणून अगदी असह्य झाल्यावरच घेते, आणि तेव्हा ती लागूच पडत नाही. शिवाय उद्यापासून मालिशवाली बाई येणार आहे. ती पोट चोळून वर घट्ट बांधते म्हणे. करू देऊ का?

प्रतिसाद १

मी भूलतज्ज्ञ आहे. आई म्हणतात तसं औषध दुधात उतरतं, पण या दोन्ही औषधांचा अंश फार थोडा असतो. बाळाला ताप आल्यावर डॉक्टर जेवढं पॅरासिटामॉल देतात, त्याच्या मानाने तर अगदीच किरकोळ. अंगावर पाजणाऱ्या बाईला हीच दोन औषधं आधी दिली जातात. दोघांचं काम वेगवेगळं असल्यामुळे एकत्र घेतली की आराम जास्त पडतो.

दुखणं डोक्यावर चढल्यावर गोळी घेऊ नकोस. पहिले काही दिवस घड्याळ लावून घे, दुखत नसलं तरी. मग हळूहळू कमी कर. आयबुप्रोफेन उपाशीपोटी नको. अल्सर, किडनीचा त्रास किंवा अशा गोळ्यांनी दम लागत असेल तर डॉक्टरांना आधी सांग.

आपल्याकडे एक घोळ हमखास होतो. मेडिकलमधून आणलेल्या 'दुखण्याच्या गोळी'त बऱ्याचदा पॅरासिटामॉल आधीच मिसळलेलं असतं. वर वेगळं घेतलं की डोस दुप्पट. चोवीस तासांत सगळं मिळून 4 ग्रॅमच्या वर जाता कामा नये, म्हणून पाकिटाच्या मागे वाच. ट्रॅमाडॉल किंवा कोडीन दिसलं तर परस्पर घेऊ नकोस. त्याने बाळ सुस्तावू शकतं, श्वासही मंदावू शकतो. अमेरिकेच्या औषध नियामकांनी 2017 साली पाजणाऱ्या आयांसाठी तसा इशाराच दिला आहे.

पाजताना येणाऱ्या कळा म्हणजे गर्भाशय आकसत असतं. दुसऱ्या खेपेला त्या जास्तच जाणवतात. पाजायच्या अर्धा-एक तास आधी गोळीची वेळ आली तर बरं पडेल.

आणि सोसत पडून राहिलीस तर चालणं होत नाही, खोल श्वास घेतला जात नाही. बाळंतपणानंतर पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका तसाही वाढलेला असतो. आईंना हे सांगून बघ.

प्रतिसाद २

माझी दोन्ही सिझरच. उठताना सरळ उठू नकोस गं. आधी कुशीवर वळ, पाय पलंगाखाली सोड, मग हाताच्या रेट्याने बस. खोकला-शिंक आली की टाक्यांवर उशी दाबून धरायची. बाळाला मांडीवर आडवं घेतलं की त्याचा पाय नेमका टाक्यांवर बसतो, म्हणून काखेत धरून किंवा कुशीवर झोपून पाज. पोट साफ राहू दे, कुंथलं की जीव जातो. पाणी कमी पी म्हणणाऱ्यांकडे काणाडोळा कर. डिंकाचे लाडू खुशाल खा!

प्रतिसाद ३

मालिश हात, पाय, पाठीला करून घ्या. पोट तूर्त नको, डॉक्टरांनी टाके बघून हो म्हटल्यावरच. पट्टा आधारापुरता, उठता-चालताना. श्वास कोंडेल इतका आवळू देऊ नका. शेगडीची धग टाक्यांवर नको. तिथली कातडी बधिर असते, भाजलेलं कळत नाही.

धागाकर्ती

खूप आभार! पाकीट बघितलं, साधं पॅरासिटामॉलच आहे. एक राहिलं: कधी घाबरायचं?

प्रतिसाद १

ताप 100.4 फॅरनहाइट किंवा वर, टाक्यांतून पू, भोवती वाढती लाली, अंगावरून घाण वासाचं जाणं, तासाभरात पॅड भिजणं, एकाच पोटरीला सूज, धाप, किंवा कमी होत आलेलं दुखणं पुन्हा वाढणं. यातलं काहीही दिसलं तर फोन न करता थेट दवाखाना गाठ. बसलं की ठणकणारं आणि आडवं झालं की थांबणारं डोकं असेल, तर ते मणक्यातल्या भुलेमुळे असू शकतं. त्यावर उपचार आहेत, तेही दाखव. डोकं खूप दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली तर मात्र लगेच बीपी मोजून घे.